आहारशास्त्र शिका, पण तराजू जवळ ठेवून

विद्यार्थिमित्रहो, काल रात्री तुम्ही किती ग्रॅम डाळ खाल्ली?

हसू नका. हाच प्रश्न मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी विचारण्यात आला, आणि तोही एका मोबाइलने. मी केळापूर तालुक्यातला विज्ञानशिक्षक. पंधरा-वीस वर्षे मुलांना प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि खनिजे ही पाच नावे पाठ करून घेतली. आणि स्वतः रोज रात्री किती डाळ खातो, हे मात्र मला सांगता येईना! वाटीभर, असे मी लिहिले. मोबाइलने विचारले, वाटी केवढी? डाळ कोरडी की शिजलेली? घट्ट की पातळ? मी मुकाट्याने बसून राहिलो.

झाले असे, की मानवी आहारशास्त्राचा एक महाविद्यालयीन अभ्यासक्रम मी घरबसल्या, ऑनलाइन घेत होतो. दर आठवड्याला चार-पाच व्याख्याने चित्रफितीवर ऐकायची, टिपणे वाचायची, रविवारी वीस प्रश्न सोडवायचे. तिसऱ्या आठवड्याचे गृहपाठाचे काम होते ते हे, की चोवीस तासांत जे जे तोंडात गेले ते सर्व नोंदवा. पडद्यावर पदार्थांची एक लांबलचक यादी आली. ओट्स होते, पाव होता, चीज होते, नाना तऱ्हेची सॅलडे होती. ज्वारीची भाकर नव्हती! अंबाडीची भाजी तर नव्हतीच नव्हती. शेवटी नाइलाजाने मी ‘रोटी’ हा शब्द निवडला, आणि यंत्राने ती गव्हाची धरून, माझ्या नावावर गव्हाची प्रथिने जमा करून टाकली. गृहपाठाला मला दहापैकी नऊ गुण मिळाले. जे अन्न मी खाल्लेच नव्हते त्याचे!

या नऊ गुणांवरून मला आज तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. असे अभ्यासक्रम तुम्ही घ्यावेत, असेच माझे मत आहे. अगदी नववी-दहावीतल्या विद्यार्थ्यांनीसुद्धा. आपल्या पाठ्यपुस्तकांत आहाराला एखाददुसरा धडा मिळतो; आणि तो परीक्षेपुरता वाचून होतो. वास्तविक जे शास्त्र तुम्हांला दिवसातून दोनदा तरी ताटात भेटते, ते अधिक खोलात जाऊन शिकण्यासारखे नाही का? पूर्वी हे शिकायचे तर नागपूर-मुंबईचे गृहविज्ञान महाविद्यालय गाठावे लागे. पुढे पोस्टाने शिकण्याची सोय झाली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाले, आणि पोस्टमन पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दारी येऊ लागला. आता तोही फेरा नाही. ९ जुलै २०१७ पासून भारत सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू आहे. त्यावर शालेय वर्गापासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचे अभ्यासक्रम असतात, आणि ते शिकण्यासाठी पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तेवढ्यापुरती फी भरावी लागते. महाविद्यालयात गेल्यावर अशा अभ्यासक्रमाचे श्रेयांक आपल्या पदवीत धरले जाण्याचीही तरतूद आहे.

तेव्हा दार उघडे आहे. अडचण आहे ती दाराच्या आत गेल्यावर.

पहिली अडचण रेंजची. तिच्याविषयी मी फार लिहीत नाही. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा कोण कोणत्या टेकाडावर जाऊन तास ऐकत होते, ते तुम्हांलाच ठाऊक! चित्रफीत रात्री उतरवून ठेवली की निम्मे काम भागते. दुसरी अडचण भाषेची, आणि ती अधिक खोल आहे. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत, काही हिंदीत. आपल्या तालुक्यात तर मराठीसुद्धा सर्वांच्या घरची भाषा नाही. कोलामांच्या पोडावर कोलामी बोलतात, कुठे गोंडी आहे, पैनगंगेच्या बाजूला तेलुगू कानावर पडते. इंग्रजीतून शिकलेला मुलगा घरी येऊन आजीला ‘मायक्रोन्यूट्रिअंट’ समजावू लागला, तर आजी त्याला आधी जेवायला बसवील, हे उघड आहे. जे शिकलो ते घरच्या भाषेत सांगता आले नाही तर ते अजून नीट समजलेलेच नाही, असे मी माझ्यापुरते धरून चालतो.

परंतु सर्वांत मोठी अडचण तिसरी. हे अभ्यासक्रम कोणत्या तरी सरासरी माणसाच्या सरासरी ताटाविषयी बोलत असतात. तो माणूस केळापुरात राहत नाही.

याचा अर्थ ते खोटे सांगतात, असा मुळीच नाही. एक ग्रॅम कर्बोदकातून किंवा प्रथिनातून सुमारे चार किलोकॅलरी आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे नऊ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, हे अमेरिकेत खरे आणि पाटणबोरीतही खरे. ‘क’ जीवनसत्त्व जवळ असले की धान्य-भाज्यांतले लोह आतड्यात अधिक शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ते शोषण घटते, हेही सगळीकडे सारखेच. नियम सगळीकडचा असतो. ताट मात्र ज्याचे त्याचे असते. नियमाला ताटापर्यंत आणून पोहोचवणे हे काम कोणताही अभ्यासक्रम तुमच्यासाठी करून देणार नाही. ते तुम्हांलाच करावे लागेल.

हे मी हवेतले बोलत नाही. याला मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्याच रस्त्यावर घडलेला आहे.

पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग तुम्ही रोज पाहता. त्याच रस्त्याने पैनगंगा ओलांडून, आदिलाबाद मागे टाकून थेट पुढे गेलात, की हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था लागते. हिचे मूळ १९१८ सालचे. रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरांनी निलगिरीतल्या कुन्नूर येथे एका खोलीत बेरीबेरीच्या रोगाची चौकशी सुरू केली. त्यातून संस्था वाढत गेली, १९५८ मध्ये हैदराबादला आली, आणि १९६९ पासून तिला आजचे नाव मिळाले.

या संस्थेतल्या डॉक्टरांपुढे एक कोडे होते. पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. यात उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावरची, म्हणजे हातापायांची आणि गळ्याभोवतीची, कातडी काळवंडून खरखरीत होते, जुलाब लागतात, पुढे मनाचाही तोल जातो. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रोगाने फार माणसे मेली. तो संसर्गजन्य आहे असेच बहुतेकांना वाटे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी १९१४ पासून चिकाटीने काम करून दाखवून दिले, की हा जंतूंचा नव्हे, आहाराचा दोष आहे. मक्यावर दिवस काढणाऱ्या गरिबांना तो होतो. मग १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेहजेम यांनी नियासिन या जीवनसत्त्वाने कुत्र्यांमधला तशाच प्रकारचा रोग बरा होतो, हे सिद्ध केले. झाले! पुस्तकात लिहिले गेले, की पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग.

पण हैदराबादच्या रुग्णालयात जे पेलाग्राचे रोगी येत होते ते मका खात नव्हते. ते खात होते ज्वारी. दख्खनच्या पठारावरचे गरीब मजूर, सकाळ-संध्याकाळ ज्वारी, आणि तिच्यासोबत फारसे काही नाही. बरे, ज्वारीत नियासिन तर मक्यासारखे कमी नाही! पुस्तकाप्रमाणे या माणसांना पेलाग्रा व्हायलाच नको होता. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मत मांडले, की ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन नावाचे ॲमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते, आणि ते शरीरातल्या नियासिनच्या कारभारात बिघाड करते. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ वर्षे वाद झाले. ते होऊ द्या. महत्त्वाची गोष्ट ही, की पुस्तकातले ‘मका’ हे उत्तर समोर असतानाही त्यांनी रोग्याला विचारले, बाबा, तू खातोस काय?

(यावरून ज्वारी वाईट, असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. वाईट होती ती नुसत्या ज्वारीवर भागवण्याची पाळी. भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी असेल तर ज्वारीसारखे गुणी धान्य नाही.)

आता ताटाकडे वळू. वही-पेन्सिल घ्या, आणि शक्य असेल तर किराणा दुकानातला तराजू घटकाभर मागून आणा. समजा, एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागते आणि तुम्ही दिवसाला चार भाकरी खाता. म्हणजे ३०० ग्रॅम ज्वारी. ज्वारीत शेकडा सुमारे १० ग्रॅम प्रथिन असते. तेव्हा ३० ग्रॅम प्रथिन झाले. दोन्ही वेळेला मिळून कोरडी तूरडाळ ६० ग्रॅम तुमच्या वाट्याला आली, तर तुरीत शेकडा २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिन असल्यामुळे त्यातून आणखी १३ ग्रॅम मिळाले. बेरीज ४३. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या मानाप्रमाणे तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम आणि मुलाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिन लागते. म्हणजे साध्या भाकर-वरणावर हिशेब जवळजवळ जुळला की! शिवाय ज्वारीत लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात बरे. दोघे मिळून एकमेकांची उणीव काढतात. भाकर आणि वरण यांची जोडी ज्या कुणी पूर्वजाने जमवली त्याला ॲमिनो आम्ल म्हणजे काय हे माहीत नव्हते, पण जोडी अचूक जमली.

थांबा, हिशेब अजून संपलेला नाही. तुमच्या घरी खरोखर चार भाकरी होतात का? आपल्या भागात कापूस आणि सोयाबीन यांनी ज्वारीची शेते बरीच खाऊन टाकली. रेशनच्या दुकानातून तांदूळ मिळतो, तो रांधायला सोपा, सरपणही कमी लागते. तर मग ३०० ग्रॅम ज्वारीच्या जागी ३०० ग्रॅम तांदूळ धरा. तांदळात शेकडा सात-आठ ग्रॅमच प्रथिन. म्हणजे २१ ते २४. आणि महिनाअखेरीला वरण पातळ होते हे तुम्ही पाहिलेच असेल. डाळ ६० ग्रॅमवरून ३० ग्रॅमवर आली तर प्रथिन १३ वरून साडेसहावर. एकूण झाले तीसच्या आत-बाहेर. पोट दोन्ही दिवशी सारखेच भरले. ताटही जवळपास तेवढेच दिसले. पण एका दिवशी जवळजवळ तेरा ग्रॅम प्रथिन कमी पडले, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही. हे गणित मी वर्गात फळ्यावर मांडले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्या घरी वरण आईच्या वाटेला येईपर्यंत नुसतं पाणीच राहते.” कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पडद्यावर हे वाक्य मला ऐकायला मिळाले नव्हते. घरातल्या सगळ्यांचे ताट एकच नसते. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईचे ताट वेगळे मोजायला हवे.

आणि गंमत पाहा, ज्या सोयाबीनने ज्वारीला शेतातून हुसकावले, त्यात शेकडा ३५ ते ४० ग्रॅम प्रथिन असते. ते पोत्यांत भरून बाजारात जाते, त्याचे तेल निघते. आपल्या घरी त्यातले फारसे शिजत नाही. (घरी करून पाहणार असाल तर कच्चे मात्र खाऊ नका, त्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे द्रव्य असते, ते चांगले शिजवल्याने निष्प्रभ होते.)

कोष्टकांतले आकडे मी वर ‘सुमारे’ म्हणून दिले, ते मुद्दाम. आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये, यासाठी पालकाची गोष्ट सांगतो. भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये सांगणारे कोष्टक एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये काढले. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७१ मध्ये नव्याने सिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम पालकात सुमारे ११ मिलिग्रॅम लोह दाखवले होते. नंतरच्या सुधारलेल्या आवृत्तीत ते १ मिलिग्रॅमच्या जवळपास उतरले! आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने ५२८ पदार्थांची जी नवी कोष्टके प्रसिद्ध केली त्यांत ते ३ च्या जवळपास आहे. पालक तोच. मग हा घोळ कसला? पालेभाज्यांच्या मोजणीत एक मोठी अडचण असते. पानांना चिकटलेल्या मातीतही लोह असते, आणि पान पुरेसे धुतले गेले नाही तर ते मातीचे लोह पानाच्या नावावर मांडले जाते. शिवाय वाण बदलते, जमीन बदलते, मोजण्याच्या पद्धती सुधारतात. शास्त्र चुकते आणि स्वतःच आपली चूक दुरुस्त करते, ही लाजेची गोष्ट नाही. पण जुना आकडा घेऊन आजही कुणी ‘पालक खा, रक्त वाढेल’ असे सांगत फिरतो, त्याने तरी एकदा नवे कोष्टक उघडून पाहावे.

असे सांगत फिरणाऱ्यांत मीही होतो, हे आता कबूल करायला हवे.

अभ्यासक्रम संपला, प्रमाणपत्र आले, मी ते चौकटीत घालून घेतले. गावात बातमी पसरली, सर आहाराचं शिकले म्हणून. एके दिवशी नववीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, “सर, पोरगी लय थकते जी. हातपाय दुखते म्हणते. काय खाऊ घालू?” मुलगी फिकट दिसत होती. माझ्या डोक्यात पाचव्या आठवड्याचा धडा ताजा होता. रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता. जगात सर्वाधिक आढळणारे कारण तेच. मी ऐटीत सांगितले, पालक द्या, गूळ-शेंगदाणे द्या, आणि औषधाच्या दुकानातून लोहाचे टॉनिक आणा. त्या माउलीने मजुरीच्या पैशांतून तीन बाटल्या आणल्या. मुलगी काही सुधारली नाही. चार महिन्यांनी आरोग्य विभागाच्या तपासणीत तिचे रक्त घेतले, तेव्हा कळले, तिला सिकलसेल आहे.

सिकलसेल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन हे प्रथिन असते. त्याच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले, केवळ एवढा एक फरक झाला, की प्राणवायू कमी पडताच ती गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. नेहमीची तांबडी पेशी १२० दिवस टिकते; ही दहा-वीस दिवसांत फुटते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकतात, म्हणून हातपाय दुखतात. दोष आईवडिलांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच आला तर माणूस केवळ वाहक असतो, आजारी नसतो. दोघांकडून आला तर आजार. शिकागोचे डॉ. हेरिक यांनी अशा पेशी १९१० मध्ये प्रथम वर्णिल्या, आणि दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग यांनी सहकाऱ्यांसह १९४९ मध्ये दाखवले. आपल्या विदर्भात हा दोष बऱ्याच समाजांत आढळतो. आदिवासी भागांत तो शोधून काढण्यासाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही चालू आहे.

आता माझी चूक ध्यानात आली ना? या मुलीचे रक्त कमी होते ते पेशी लवकर फुटत होत्या म्हणून. फुटलेल्या पेशींतले लोह शरीर साठवून पुन्हा वापरते. आणि जास्तीचे लोह बाहेर टाकायला शरीराजवळ वाटच नाही. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णात तर लोह साचून यकृत आणि हृदयाला इजा होऊ शकते. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाची कमतरताही असू शकते, नाही असे नाही. पण ते रक्त तपासून डॉक्टरांनीच ठरवायचे. माझ्या टॉनिकने तिचे फार नुकसान झाले नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण चार महिने गेले, आणि तीन बाटल्यांचे पैसे गेले.

त्या धड्यात सिकलसेलचा उल्लेख होता का? होता. एका ओळीत. ‘काही लोकसमूहांत रक्तक्षयाची इतर कारणेही असतात.’ मी ती ओळ वाचून पुढे गेलो होतो, कारण तिच्यावर प्रश्न आला नव्हता. ते ‘काही लोकसमूह’ म्हणजे माझाच वर्ग, हे माझ्या लक्षात आले नाही.

(शाळेत मिळणारी निळी लोहाची गोळी यावरून कुणी आपल्या मनाने बंद करू नये. ज्यांना सिकलसेल आहे किंवा शंका आहे त्यांनी आरोग्यसेविकेला विचारावे. बाकीच्यांसाठी ती गोळी योग्यच आहे.)

ही हकीकत वाचून तुमच्यातले काही म्हणतील, मग शिकायचेच कशाला? मला नेमके उलटे वाटते. मी कमी शिकलो म्हणून चुकलो. प्रमाणपत्राने मला एवढेच सांगायला हवे होते, की आता तुला प्रश्न विचारता येतात. मी मात्र उत्तरे वाटत सुटलो. तुम्ही पंधरा वर्षांचे आहात. तुमच्याकडे कुणी औषध विचारायला येणार नाही, हा तुमचा मोठा फायदा आहे. तुम्ही निवांतपणे मोजू शकता.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा, असे मला विद्यार्थी विचारतात. नावापेक्षा त्याच्या पहिल्या दोन आठवड्यांचे गृहपाठ पाहा, असे मी सांगतो. त्यात ज्वारी, तूर, तांदूळ, शेंगदाणे ही नावे आली आहेत का? भारतीय कोष्टके वापरली आहेत का? शिकवणारा कोण आहे, कोणत्या संस्थेतला आहे, आणि तो शेवटी एखादी भुकटी विकायला तर निघत नाही ना? ‘एकवीस दिवसांत वजन घटवा’ अशा जातीचे जे वर्ग मोबाइलवर दिसतात ते मुळी आहारशास्त्रच नव्हे, दुकानदारी आहे. त्यांच्या वाटेला जाऊ नका. इंग्रजी जड वाटले तर मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने माता आणि बालकांच्या आहारावर छोटे छोटे पाठ केलेले आहेत. ते मराठीतही आहेत, आणि आईच्या शेजारी बसून ऐकता येतात. एका अर्थी ते महाविद्यालयीन अभ्यासक्रमाहून अधिक कामाचे, कारण घरी लहान बाळ असेल तर त्याच दिवशी उपयोगी पडतात.

आणि एक काम असे आहे, की जे कोणत्याही कोष्टकात अजून नीट झालेले नाही. आपल्याकडे तरोट्याची भाजी, काटवल, अंबाडी, जंगलातले मोहाचे फूल, चारोळी असे किती तरी ताटात येते. पोडावरच्या आज्यांना यातले आपल्यापेक्षा फार अधिक ठाऊक असते. कोणत्या महिन्यात काय येते, कसे शिजवतात, किती वेळा पाणी ओततात, कुणाला देत नाहीत, याची वही कुणी विद्यार्थ्याने घातली, तर ती वही पाहायला हैदराबादहून माणूस आला तरी मला आश्चर्य वाटणार नाही. मात्र ओळख नसलेली पाने नुसती पाहून तोडू नका. आजीला बरोबर घ्या.

‘स्वयम्’वरची सत्रे साधारणपणे जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात; नावनोंदणी त्याच्या सुमारास असते. तोवर एक आठवडाभर घरातल्या डाळीचे वजन लिहून ठेवा. पातेल्यात टाकण्यापूर्वी, कोरडी असतानाच मोजायची. शिजल्यावर मोजलीत तर पाणीच मोजाल. मग ती किती जणांत वाटली गेली, आणि शेवटी कोण जेवायला बसले, तेही शेजारी लिहा.